रिपोट त बराबर हाये: मधुमेही माणसाचा पीएसए वाचताना

त्या कागदावर माझ्या हातची बरोबरची खूण अजून आहे. निळ्या पेनानं, ‘पीएसए ३.२’ या आकड्याच्या शेजारी. पीएसए म्हणजे प्रोस्टेट या पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीसाठीची रक्ततपासणी. पुढे छापलेली मर्यादा ० ते ४. वाचायला दोन सेकंद लागली असतील.

नोव्हेंबर २०२४. वेचणीचे दिवस, त्यामुळे दवाखान्यात गर्दी तशी कमी, पण येणारा प्रत्येक जण घाईत. काकाजी आले ते वय ६१, वर्ध्याच्या समुद्रपूर तालुक्यातलं गाव, चार एकर कोरडवाहू. गुडघ्यांनी साथ सोडल्यापासून शेत ठेक्यानं दिलेलं. तेरा वर्षांचा मधुमेह, वजन ८४ किलो, पोट सुटलेलं. मुलगा बुटीबोरीच्या कारखान्यात कामाला. त्यानं वडिलांच्या रक्ताच्या तपासण्यांचं एक ‘पॅकेज’ घेतलं होतं, त्यात पन्नासेक आकड्यांच्या गर्दीत हा पीएसएही होता. ‘ही तपासणी हवी का’ असं काकाजींना कुणी विचारलं नव्हतं, आणि तिचा अर्थ काय हेही सांगितलं नव्हतं.

त्यांची तक्रार वेगळीच होती. “डॉक्टरसाहेब, रातच्यानं पाच-पाच डाव उठा लागते. झोपच नाई होऊन राह्यली.”

साखर जेवणाआधी २१०. तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, ८.४. (आपल्या भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण मोठं आहे, आणि त्याच्या वाहकांत हा आकडाही काही यंत्रांवर फसवा येतो. म्हणून त्यांची सिकलसेलची तपासणी आधीच करून ठेवली होती, ती निगेटिव्ह.) चारच महिन्यांपूर्वी मी त्यांना डापाग्लिफ्लोझिन सुरू केलं होतं. ही गोळी मूत्रपिंडातून साखर लघवीवाटे बाहेर काढते, आणि साखरेबरोबर पाणी जातंच. मग रात्री उठावं लागणारच. वाढलेली साखर आणि नवी गोळी अशी दोन कारणं हातात असताना मी तिसरं शोधलं नाही. लघवीची वाट मोकळी करणारं टॅम्सुलोसिन त्यांना एका डॉक्टरांनी आधीच दिलं होतं. ते चालू ठेवलं, डापाग्लिफ्लोझिन बंद केलं, आणि त्या आकड्यावर खूण केली.

जानेवारीत ते पुन्हा आले. पाचाचे तीन झाले होते. मला बरं वाटलं, त्यांना नाही.

“डाव कमी झाले, पन धार नाई ना. उभं राहा लागते, उभं राहा लागते, मंग थेंब थेंब.”

साखरेनं होणारी लघवी आणि प्रोस्टेटनं होणारी लघवी यांतला फरक डॉक्टरला तोंडपाठ असतो, तरी ओपीडीत तो विचारायचा राहून जातो. साखर जास्त असली की तहान लागते, दर वेळी लघवी भरपूर होते आणि धार जोरात असते. प्रोस्टेटचा अडथळा असला तर सुरुवातीला थांबावं लागतं, धार बारीक येते, शेवटी थेंब गळतात, आणि ‘पूर्ण झाली नाही’ असं वाटत राहतं. मधुमेहात तिसरीही शक्यता असते: मूत्राशयाच्या नसा मंदावतात, पिशवी भरल्याचं कळत नाही आणि ती नीट रिकामी होत नाही. हे तिन्ही एकाच माणसात एका वेळी असू शकतं. मी काकाजींना तीन दिवस लघवी मोजायला सांगितली. त्यांनी पाण्याची जुनी बाटली कापली, काकूंनी तिच्यावर नखपॉलिशनं खुणा केल्या. गोळी बंद झाल्यानंतरचे आकडे बहुतेक १२० ते १५० मिलिलिटर. ही काही साखरेची लघवी नव्हती.

मग मी त्यांना म्हटलं, “काकाजी, घरी जुने कागद असतील तेवढे सगळे आणा.”

आणली ती बियाण्याच्या कंपनीची प्लास्टिकची पिशवी. तिच्यात कापूस विक्रीच्या पावत्या, मुलाचा टीसी, आणि त्यातच जानेवारी २०२२ च्या एका शिबिरातला रिपोर्ट. पीएसए १.१.

१.१ आणि ३.२. दोन्ही मर्यादेत. दोन वर्षं दहा महिन्यांत जवळजवळ तिप्पट.

*

पीएसए हे प्रोस्टेटच्या पेशींनी बनवलेलं एक प्रथिन. वीर्य पातळ करणं हे त्याचं काम; त्यातला थोडासा अंश रक्तात झिरपतो आणि आपण तो मोजतो. ग्रंथी वाढली, सुजली, तिला संसर्ग झाला, किंवा कर्करोगानं तिची रचना मोडली, तर जास्त झिरपतो. म्हणजे पीएसए वाढला की कर्करोगच, असं नाही. आणि कमी आहे म्हणजे कर्करोग नाही, असंही नाही. अमेरिकेत १९९४ साली या तपासणीला प्रोस्टेटच्या कर्करोगाचं निदान करण्यासाठी मान्यता मिळाली, तेव्हापासून ४ हा आकडा रूढ झाला. आपल्या तालुक्यातल्या लॅबच्या कागदावरही तोच छापलेला असतो. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पीएसए ४ किंवा त्याहून कमी असलेल्या आणि बोटानं प्रोस्टेट चाचपून काही न सापडलेल्या २,९५० पुरुषांची बायोप्सी, म्हणजे ग्रंथीचे बारीक तुकडे काढून तपासणी, केली गेली. त्यात १५.२ टक्के पुरुषांना कर्करोग निघाला. ज्यांचा पीएसए ३.१ ते ४ च्या दरम्यान होता, त्यांच्यात हे प्रमाण २६.९ टक्के. त्यातले बरेच कर्करोग संथ, निरुपद्रवी म्हणावेत असे होते, हे खरं. पण ४ ही भिंत नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

आता यात मधुमेह आणून बसवा.

मधुमेही पुरुषांचा पीएसए सरासरीनं कमी असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणाच्या २००१ ते २००४ च्या आकडेवारीत तो मधुमेह नसलेल्यांपेक्षा सुमारे पाचव्या हिश्शानं खाली दिसला. कारण एकच नाही. पीएसए बनवायचा हुकूम पेशीला टेस्टोस्टेरॉन देतं, आणि टाइप २ मधुमेहात, विशेषतः पोट सुटलेल्या माणसात, टेस्टोस्टेरॉन बऱ्याचदा कमी असतं. हुकूमच सौम्य, मग माल कमी. वजन जास्त असेल तर अंगातलं रक्तद्रवाचं प्रमाणही जास्त असतं. त्यात तेवढाच पीएसए विरघळला की मोजताना पातळ दिसतो, एका तांब्यातली साखर घागरीत टाकावी तसा. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांनीही आकडा थोडा उतरतो, आणि मधुमेही माणसाच्या पट्टीत स्टॅटिन बहुधा असतंच. काकाजींच्याही होतं.

मी प्रिस्क्रिप्शनच्या मागे गणित मांडलं. पाचवा हिस्सा कमी धरला तर ३.२ चे ४ होतात. म्हणजे ‘बरोबर’चं ‘काठावर’. आणि लगेच ते खोडलं. हजारो माणसांची सरासरी एका माणसाला लावता येत नाही. मधुमेहासाठी पीएसएला अमुक इतक्यानं गुणा, असा कोणताही मान्य नियम नाही, आणि कुणी तसा सांगितला तर ऐकू नये. नियम आहे तो वेगळ्या औषधांसाठी: फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड या प्रोस्टेट आकसवणाऱ्या गोळ्या सहा महिने ते वर्षभर घेतल्या की पीएसए जवळपास निम्मा होतो, म्हणून तो दुप्पट करून वाचायचा. या गोळ्या टॅम्सुलोसिनसोबत एकाच कॅप्सूलमध्येही मिळतात. रुग्णाला नाव माहीत नसतं, तो सांगतो ‘पेशाबीची गोळी’. म्हणून काकाजींच्या पट्ट्या एकेक उलटून पाहिल्या. साधं टॅम्सुलोसिन निघालं.

एका पट्टीवर मात्र नजर थांबली. तळपायांची आग होते म्हणून ते ‘नसांची गोळी’ घेत होते. तिच्यात बी-१२ होतं आणि बायोटिन हे जीवनसत्त्वही होतं. काही लॅबच्या यंत्रांत पीएसए मोजायची रासायनिक साखळीच बायोटिनवर उभी असते. रक्तात बायोटिन जास्त असेल तर आकडा खोटाच कमी येतो. मधुमेहाच्या आजाराशी याचा संबंध नाही, मधुमेही माणसाच्या औषधांच्या पिशवीशी आहे. ती गोळी आठवडाभर बंद करायला लावली. लघवीची तपासणी केली, संसर्ग नव्हता. मग पुन्हा रक्त द्यायला सांगताना नेहमीची सूचना दिली, की दोन दिवस आधीपासून शरीरसंबंध नको, त्यानं पीएसए वाढतो.

काकाजी हसले. “थे दुकान त पाच वर्सापासून बंद हाये, साहेब.”

हे वाक्य ते पाच वर्षांत पहिल्यांदा बोलले होते, आणि मीही पाच वर्षांत विचारलं नव्हतं. सकाळी आठला टेस्टोस्टेरॉन तपासलं: २१०. तीनशेच्या वर असायला हवं. आता त्या ३.४ चं (फेरतपासणीत तेवढा आला) वजन माझ्या लेखी बदललं. इतक्या कमी टेस्टोस्टेरॉनवर, इतक्या वजनात, स्टॅटिन चालू असताना पीएसए एकवर रेंगाळायला हवा होता. २०२२ मध्ये तो तसा होताही.

सोनोग्राफीत ग्रंथी २२ ग्रॅम, म्हणजे वाढलेलीच नाही. रिपोर्ट वाचून घरच्यांना हायसं वाटलं. मला उलट वाटलं. वाढलेली मोठी ग्रंथी असती तर ३.४ चा हिशेब लागला असता. पीएसएला ग्रंथीच्या आकारानं भागलं की येते ती घनता, ०.१५ च्या वर गेली तर लक्ष द्यावं असं मानतात. इथे ३.४ भागिले २२, म्हणजे काठावरच, आणि भागाकारातला वरचा आकडा मधुमेहानं आधीच खाली ओढलेला.

राहिलं होतं बोट. गुदद्वारातून प्रोस्टेट चाचपायची तपासणी, जी नोव्हेंबरातच व्हायला हवी होती. माझ्या दवाखान्यात पडदा एकच आहे, बाहेर बाया बसलेल्या असतात, ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणायला कारणं पुरतात. काकू बाहेर गेल्या. अंगठ्याखालचा मांसल भाग दाबून पाहिला तर जसा लागतो तशी निरोगी प्रोस्टेट लागते. काकाजींच्या ग्रंथीत उजवीकडे एक जागा बोटाच्या पेरासारखी टणक होती, तुरीच्या दाण्याहून थोडी मोठी. लघवीची धार कदाचित या गाठीमुळे बारीक झालेली नसेलही. अशा गाठी बहुधा ग्रंथीच्या बाहेरच्या, मागच्या भागात असतात आणि बराच काळ काहीच त्रास देत नाहीत. धारेच्या तक्रारीनं आम्हाला तिथवर नेलं, एवढंच.

पुढचं सगळं नागपूरला झालं. जांब चौरस्त्यावरून बस, पाहुणचार भाचीकडे. एमआरआयमध्ये उजव्या बाजूला ११ मिलिमीटरची संशयास्पद जागा, पाच पायऱ्यांच्या मापात चौथी. बायोप्सीआधी सर्जननं साखर आटोक्यात आणायला सांगितली, ते योग्यच होतं. मधुमेही रुग्णांत गुदद्वारातून सुई घालून केलेल्या बायोप्सीनंतर संसर्गाचा धोका जास्त असतो. काकाजींची बायोप्सी अंडकोष आणि गुदद्वार यांच्या मधल्या त्वचेतून केली, त्यात तो धोका कमी. एकूण १४ तुकडे घेतले, तिनात कर्करोग. कर्करोगाची तीव्रता सांगणारा ग्लीसन आकडा ४+३. म्हणजे मध्यम, पण त्यातल्या वाईट बाजूचा; वाट पाहत बसण्यासारखा नाही. हाडांचा स्कॅन स्वच्छ.

रिपोर्ट घेऊन ते आधी माझ्याकडे आले. मुलगा रागात होता आणि बोलला नाही. काकाजी बोलले.

“तुमीच त म्हणलं होतं का रिपोट बराबर हाये म्हून.”

म्हणालो, “हो काकाजी, म्हणालो होतो. चुकलं.”

दोन महिन्यांच्या उशिरानं त्यांचं फार बिघडलं नाही, कारण हा रोग महिन्यांच्या नाही, वर्षांच्या हिशेबानं चालतो. पण पिशवीतला कागद सापडला नसता आणि तक्रार धारेची नसती, तर ती खूण आणखी दोन-तीन वर्षं तशीच राहिली असती.

*

मधुमेहींमध्ये प्रोस्टेटचा कर्करोग एकंदरीत थोडा कमी आढळतो, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. ‘शुगरवाल्याले थो कॅन्सर होत नाई’ इथपर्यंत त्याची बातमी गावात पोचली होती, कुठून कोण जाणे. यात टेस्टोस्टेरॉन कमी असण्याचा वाटा असावा. पण काही वाटा न शोधण्याचाही असू शकतो: आकडा कमी, म्हणून बायोप्सी कमी, म्हणून सापडणंही कमी. आणि निदान झाल्यावर मधुमेही रुग्णांची वाटचाल इतरांपेक्षा चांगली असते असं नाही, उलट काही अभ्यासांत वाईट दिसली आहे.

याचा अर्थ प्रत्येक मधुमेह्याचा पीएसए काढावा असा मी घेत नाही. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या कर्करोगांची तपासणी आहे, प्रोस्टेटची नाही. अमेरिकेच्या २०१८ च्या शिफारशीतही ५५ ते ६९ वयात फायदा-तोटा समजून घेऊन स्वतः ठरवावं असंच म्हटलं आहे, आणि सत्तरीनंतर या चाळणीच्या नादी लागू नये असं. संथ रोग शोधून माणसाला नको त्या शस्त्रक्रियेत ढकलणं हेही नुकसानच. काकाजींची बातमी फुटल्यावर त्यांच्या गावातले सातआठ पुरुष आठवडाभरात रक्त देऊन आले. त्यातल्या एका मधुमेह्याचा आकडा ९.८ आला. घरात रडारड. लघवी तपासली तर पू. मधुमेहात लघवीचा संसर्ग सहज होतो आणि तो पीएसएला वर ढकलतो. औषध दिलं, सहा आठवडे थांबलो, पुन्हा काढला: २.१. तेवढे सहा आठवडे त्यांच्या बायकोनं माझ्याकडे रोज कुणा ना कुणाला पाठवलं.

*

उपचार ठरले ते असे: सहा महिने हार्मोनचं इंजेक्शन आणि मध्ये किरणोपचाराच्या २० बैठका. खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसला; एमआरआय आणि बायोप्सीचा मात्र खिशातून गेला होता, त्यासाठी एक गोऱ्हा विकला. बैठका जूनमध्ये आल्या, मृगाच्या तोंडावर. शेत ठेक्यानं असलं तरी पेरणीच्या दिवसांत नागपूरला पडून राहणं त्यांना किरणांपेक्षा जड गेलं. प्रत्येक बैठकीला मूत्राशय भरलेलं हवं असतं, म्हणजे पाणी पिऊन अर्धा-पाऊण तास रोखून धरायचं. ज्याची तक्रारच लघवीची, त्याला हे.

हार्मोनचं इंजेक्शन टेस्टोस्टेरॉन जवळजवळ शून्यावर आणतं. कर्करोगाला ते मारक, पण मधुमेहाला खतपाणी: स्नायू घटतात, चरबी वाढते, इन्सुलिनला शरीर दाद देईनासं होतं. बायोप्सीआधी ७.६ पर्यंत आणलेला एचबीएवनसी जुलैत ९.१ झाला. हे होणार म्हणून मी तयार होतो. जे झालं त्यातला अर्धा भाग मात्र मला आधी कळलाच नाही.

काकाजींना दिवसातून सहा-सात वेळा घाम फुटायचा, छाती धडधडायची, चेहरा लाल व्हायचा. तेरा वर्षांत त्यांना पक्कं शिकवलं होतं, की घाम आला, धडधडलं, की साखर उतरली समजायचं आणि लगेच तोंडात साखर टाकायची. तेही इमानेइतबारे टाकत होते. खिशात पुडी, उशाखाली पुडी. पण हा घाम साखर उतरल्याचा नव्हता. पाळी जाताना बायांना जशा गरम वाफा येतात, तशाच इंजेक्शननं पुरुषांनाही येतात. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, मीसुद्धा. काकूंनीच ओळखलं. “माह्यासारखंच होऊन राह्यलं यायले,” त्या म्हणाल्या, तशी काकाजींनी मान खाली घातली.

मग नियम केला: घाम आला की आधी ग्लुकोमीटर, मग पुडी. पहिल्या एकवीस नोंदींपैकी एकच ७० च्या खाली होती; उरलेल्या बहुतेक २०० च्या पुढे. साखर उतरवणारं ग्लिमेपिराइड कमी केलं, रात्री थोडं इन्सुलिन सुरू केलं. “कॅन्सर हाये त हाये, पन शुगर कायले वाढून राह्यली,” या त्यांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या पुड्यांत होतं.

शेवटचं इंजेक्शन सप्टेंबर २०२५ मध्ये झालं. डिसेंबरात पीएसए ०.०८. यापुढे टेस्टोस्टेरॉन हळूहळू परतेल, तसा हा आकडा थोडा चढेल, आणि त्यानं घाबरायचं नाही हे बापलेकांना सांगून ठेवलं आहे. किरणोपचारानंतर पीएसए आपल्या नीचांकापेक्षा २ नं वर गेला तर रोग परतला असं धरतात. काकाजींसारख्या कमी टेस्टोस्टेरॉनच्या माणसात मी तेवढी वाट पाहणार नाही. ओळीनं दोनदा चढलेला दिसला तरी नागपूरला फोन करीन. मुलानं वहीत आकड्यांचा तक्ता केला आहे, त्यात पीएसएशेजारी त्या दिवशीचं वजन आणि चालू गोळ्याही लिहितो.

पुढची तपासणी फेब्रुवारीत होती. नातीचं लग्न त्याच आठवड्यात निघालं, म्हणून मार्चवर नेली. लॅब तीच, आणि नसांची गोळी आठवडाभर आधी बंद.